न भोगलेले तीन महिने

पत्र करड्या पाकिटातून आलं. या देशात करड्या पाकिटातून आजवर कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. मी ओट्याशी उभा राहून लसूण सोलत होतो, निवृत्त माणसाला घरात जी हलकी कामं देतात त्यातलं एक. माझ्या बायकोने, मीराबाईने, पाकीट माझ्या कोपराशी ठेवलं आणि म्हणाली, "अहो, आम्टचं दिसतंय. हात धुऊन घ्या." मी हात धुतले नाहीत. लसणाच्या बोटांनीच फाडलं. आम्ट म्हणजे सरकारी कचेरी, तिला थोडा वास लागला तर लागू दे. आत एकच पान. माननीय श्री. हिवराळे, गृहकर्जाच्या दलालीच्या परवान्यासाठी आपण केलेला अर्ज तपासणीसाठी आमच्यापुढे आहे. पोलिसांच्या केंद्रीय नोंदवहीत आपल्या नावावर काहीही नाही. परंतु अर्जाच्या सातव्या कलमात आपण लिहिलं आहे की १९७९-८० साली भारतात आपण तीन महिने तुरुंगवास भोगला. तरी त्या निकालपत्राची प्रत भाषांतरासह घेऊन चौदा दिवसांच्या आत समक्ष भेटावं. खाली सही, तीही छापील वाटावी इतकी सरळ. मी दोनदा वाचलं. लसणाचं एक साल अंगठ्याला चिकटलं होतं ते झटकलं, तर ते तर्जनीला चिकटलं. तिथून झटकलं, ते परत अंगठ्याला. असा किती वेळ उभा होतो कोण जाणे. "काय म्हणतात?" मीराबाईने विचारलं. "काही नाही, एक कागद हवाय," मी म्हणालो, आणि ते खोटंही नव्हतं.

कागद. या लोकांचा कागदावर जेवढा जीव आहे तेवढा पोटच्या पोरावर नसेल. अठ्ठावीस वर्षं मी यांच्यात काढली, इथे बॉबलिंगेनला गाडीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात साचे तपासत उभा राहिलो, पासपोर्टही यांचाच घेतला, पण यांची ही भूक मला अजून नवी वाटते. ज्याला घर घ्यायचंय तो आणि ज्या बँकेला कर्ज द्यायचंय ती, या दोघांच्या मधे खुर्ची टाकून बसायचं, काम एवढंच. त्याला परवाना लागतो. परवान्याला आधी पोलिसांचा दाखला, की हा माणूस चोर नाही, मग उद्योगखात्याचा, की याने धंद्यात कोणाला टोपी घातलेली नाही, मग करखात्याचा, मग कोर्टाचा, की कर्जबुडव्यांच्या यादीत याचं नाव नाही. सगळे जमले की एक बाई ते वाचून ठरवणार की मी 'त्सुफरलेसिग' आहे, म्हणजे भरवशाचा. गेल्या वर्षी जगभर ज्या बँका आडव्या झाल्या त्यांच्या एकूणएक साहेबाच्या कपाटात असला दाखला असणार. अमेरिकेत तर म्हणे कुत्र्याच्या नावावरही गृहकर्ज निघत होतं, आणि कुत्रं हप्ते वेळेवर भरत होतं. ते सगळे भरवशाचे. आणि झडती माझी. खिशात तिकीट असतानाही बसमधे तपासनीस चढला की ज्याच्या बगलेत घाम येतो त्याची. बरं, हे कोणासाठी? तर पुण्याहून आलेल्या त्या इंजिनियर मंडळींसाठी. सत्यजित आणि ऊर्मिला म्हणून एक जोडपं आहे, आमच्या परवान्याची वाट बघत बसलंय. नवरा गाडीच्या दाराच्या बिजागरीवर डॉक्टरेट करून आलाय. त्यांना तळघर असलेलं घर हवं, कारण त्याच्या जर्मन साहेबाकडे तळघर आहे. तळघरात काय ठेवणार, मी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "बघू ना काका," ती म्हणाली. असली चाळीस जोडपी माझ्या ओळखीची, आणि प्रत्येकाला जमिनीखाली एक रिकामी खोली हवी आहे.

अर्ज मी भरलेला नव्हता. माझ्या जावयाने, सुयशने भरला. मी फक्त सही केली, अकराव्या पानावर, त्याने बोट ठेवलं तिथे. खरं तर धंदाच त्याचा. नाव तेवढं माझं. पाच वर्षांपूर्वी त्याने दोन मित्रांबरोबर सॉफ्टवेअरची कंपनी काढली, ती बुडाली, आणि त्याचं नाव कोर्टाच्या त्या यादीत गेलं. तेव्हापासून त्याला भाड्याने घरसुद्धा मिळत नाही. राहतं घर माझी मुलगी धम्मदीपा हिच्या नावावर आहे. म्हणून परवाना सासऱ्याच्या नावाने, कारण सासऱ्याच्या नावावर या देशात काहीच नाही, ना भलं ना बुरं. स्टेशनसमोर एक गाळा त्याने घेऊनसुद्धा ठेवला होता, पुढच्या एक तारखेपासून. संध्याकाळी तो आला तसं मी पत्र त्याच्यापुढे टाकलं. वाटलं होतं, चेहरा पडेल. तो वाचत गेला आणि ताठ होत गेला, शाळेत राष्ट्रगीताला होतात तसा.

"मीच लिहिलं, मामा. सातव्या कलमात विचारलं होतं, पूर्वी शिक्षा झाली आहे का."

"इथे झाली आहे का, असं विचारलं असेल हो, जावईबापू."

"कुठेही. मी नीट वाचलं. मागच्या वेळी मी बँकेला एक गोष्ट सांगितली नव्हती, तिने मला बुडवलं. या वेळी ठरवलं, लपवायचं काहीच नाही." मग जरा थांबून, "आणि ही का लपवायची गोष्ट आहे? चळवळीत जेलला जाणं म्हणजे आमच्या नागपूरला आजही लोक पाया पडतात. त्यांनाही कळू दे कोण माणूस परवाना मागतोय."

मूर्ख. असा स्वच्छ, धुतलेला, वाळत घातलेला मूर्ख माझ्या पाहण्यात दुसरा नाही. जर्मन आम्टच्या अर्जात सासऱ्याचा तुरुंगवास अभिमानाने लिहिणारा माणूस फक्त आमच्यातच निपजू शकतो. आमच्याकडे जेल ही पदवी आहे. लग्न जमवताना सांगतात, निवडणुकीच्या पत्रकावर छापतात, मेल्यावर पाटीवर लिहितात. बाकीच्या जगाला जे लपवावं लागतं ते आम्ही मिरवतो, आणि यात चूक काही नाही, ज्याने भोगलंय त्याने मिरवावं. भोगलेल्याने.

आता हे सांगायला हवं की या घरात माझं ऐकणारा एकटा सुयश आहे. धम्मदीपा इथे जन्मली. मराठी तिला कळते, उत्तर जर्मनमधे देते, आणि गोष्ट अर्ध्यावर आली की "जा, जा, पापा" म्हणून उठते. नात त्याहून पुढची. मीराबाईने ऐकणं कधीच सोडलं. हा मात्र लग्न होऊन आला त्या वर्षापासून माझ्यापुढे मांडी घालून बसतो. बॉबलिंगेन-सिंडेलफिंगेनमधल्या आमच्या बौद्ध मंडळींचा चौदा एप्रिलचा कार्यक्रम एका चर्चचा हॉल भाड्याने घेऊन होतो, आणि त्यात वंदना झाली, मुलांची भाषणं झाली की दादाराव हिवराळे बोलतात: नामांतराच्या लढ्यातले माझे तीन महिने. पहिल्या वर्षी मी फार थोडं बोललो होतो. कोणीतरी विचारलं, तुम्ही तेव्हा तिकडेच होतात ना, आणि मी म्हणालो, होतो तर. एवढंच. ते 'होतो' पुढच्या वर्षी पोलिसांच्या गाडीत चढलं, त्याच्या पुढच्या वर्षी कोठडीत जाऊन बसलं. तुरुंगाची भिंत सुरुवातीला बारा फुटांची होती. दोन हजार साल उजाडेपर्यंत तिची बावीस फूट झाली, आणि वर काचा आल्या. एक उंदीर होता, त्याला मी भाकरीच्या तुकड्यावर सलाम ठोकायला शिकवलं, जेलरसाहेब राउंडला आले की तो त्यांच्याकडे पाठ करून सलाम ठोकायचा. अकरा दिवस मी उपोषण केलं. बाराव्या दिवशी जेलर स्वतः लिंबाचं पाणी घेऊन आला आणि रडला. लोक हसत, मग डोळे पुसत. चांगली गोष्ट अशीच असावी लागते, आधी हसवणारी. आणि शेवटी पद्माकर. पद्माकर साळवे, माझा मित्र, लाठीमारात पडला आणि माझ्या मांडीवर गेला. इथे मी थांबतो. सगळा हॉल उभा राहतो, दोन मिनिटं. गाडीच्या दारांचे, इंजिनांचे, दुर्बिणींच्या काचांचे तज्ज्ञ, येनाहून आलेले दोन संशोधक, सगळे खाली मान घालून. मीराबाई तेवढी त्या वेळी बरोबर चहा बघायला आत जाते. बावीस वर्षांत ती एकदाही उभी राहिलेली नाही.

पद्माकर जिवंत आहे. औरंगाबादला राहतो, सायकली दुरुस्त करतो. त्याला मारावंच लागलं मला. मेलेला माणूस हॉलमधे उठून उभा राहत नाही, आणि आजकाल तिकडचा कोण पाहुणा इकडे येईल सांगता येत नाही. माझ्या मोर्चाची खरी हकिकत चिमटीत मावेल एवढी आहे. डिसेंबर एकोणऐंशी. आम्ही दोघं एका रांगेत चाललो होतो, घोषणा देत. पुढे गडबड झाली, पोलिसांची गाडी आडवी आली, रांगा मोडल्या. डाव्या हाताला चष्म्याचं दुकान होतं. मी आत शिरलो. दुकानदाराने काही विचारायच्या आत एक फ्रेम उचलून डोळ्यांवर लावली आणि आरशात बघत राहिलो, चष्मा शोभतो का बघणाऱ्यासारखा, आणि माझ्या कानामागे, आरशात, रस्ता दिसत होता. पद्माकर मला शोधत होता. त्याची मान इकडून तिकडे फिरत होती, आपला माणूस गर्दीत पडला तर नाही ना हे बघणाऱ्याची फिरते तशी. तेवढ्यासाठी तो थांबला. मग त्याला दंडाला धरून ओढला, आणि गाडीच्या पायरीवर त्याचा गुडघा ज्या तऱ्हेने आपटला त्यावरून कळलं की तो पाय पुन्हा सरळ व्हायचा नाही. "हा बरा दिसतो साहेब, पण काच बिननंबरची देऊ?" दुकानदार म्हणाला. मी चष्मा विकत घेतला. वर्षभर वापरलाही. माझी नजर चांगली होती. पद्माकरला बसवर दगड मारल्याच्या गुन्ह्याखाली तीन महिने झाले. दगड त्याने मारला नव्हता. सुटून आल्यावर त्याने मला सगळं सांगितलं, कोठडी किती हात, भाकरी कशी, कोण रडायचं. माझ्या गोष्टीतलं जे जे खरं वाटतं ते त्याचं आहे, उंदीर तेवढा माझा. आणि त्याने एकदाही विचारलं नाही की तू कुठे होतास. यात माझी बाजू नाही असं नव्हे. त्या दिवसांत मला पासपोर्ट काढायचा होता, जर्मनीतल्या नोकरीसाठी. पासपोर्टला पोलीस ठाण्याचा दाखला लागतो, आणि नावावर गुन्हा असला की दाखला नाही. पुढे पद्माकरने ते भोगलंच. तोही माझ्यासारखाच डिप्लोमावाला. एसटीच्या वर्कशॉपात त्याची निवड झाली, पोलिसांकडे चौकशी गेली, कागद उलटा आला. वीजमंडळात झाली, तिथेही तेच. चौथ्या वेळी त्याने अर्ज केला नाही. दोघांपैकी एकाने तरी कोरं राहायला हवं होतं, असं मी स्वतःला सांगत आलो, तीस वर्षं, आणि ते सांगताना मला हॉल लागला नाही, एकटा मी पुरलो.

सुयश गेल्यावर मी मनातल्या मनात चालू झालो. निकालपत्र आणायचं कुठून. मग सुचलं, आणणारच नाही. ताठ सांगायचं, मी चळवळीत तुरुंग भोगला, त्याचे कागद मी कोणाला दाखवणार नाही, तुमचा परवाना तुमच्यापाशी ठेवा. काय गोष्ट झाली असती. जेलर रडला त्याच्यापुढची. तिकडच्या सरकारने आत टाकला, इकडच्या सरकारने पोटावर मारलं, दादाराव हटला नाही. चौदा एप्रिलला टाळ्या थांबल्या नसत्या. मी दोनतीन वाक्यं जुळवलीसुद्धा आणि त्यांची चव घेत बसलो. आणि सुयश? त्याने त्या टाळ्यांत सगळ्यात पुढे बसून टाळ्या वाजवल्या असत्या, आणि एक तारखेपासून रिकाम्या गाळ्याचं भाडं भरलं असतं, आणि एवढं होऊनही मला मामाच म्हटलं असतं. हेच मला सोसत नव्हतं. ठगाने ठगाला बुडवावं. या वाळत घातलेल्या माणसाला बुडवण्यात काही कसब नाही.

"निकालपत्र हवंय ना तुम्हाला?" मीराबाई कणीक मळता मळता म्हणाली. कागद कोणता ते मी तिला सांगितलेलं नव्हतं. "पद्माकरभाऊजींकडे आहे. पेटीत ठेवलंय त्यांनी. यमुनाबाई सांगत होत्या."

"कोण यमुनाबाई?"

"त्यांची बायको. माझं बोलणं होतं अधूनमधून."

"कधीपासून?"

"फोन स्वस्त झाल्यापासून." तिने कणकेचा गोळा उलटा केला. "मागून घ्या की. नाव दुसऱ्याचं आहे, एवढं काय. तुम्हाला तर सवय आहे."

एवढं बोलून तिने कणकेवर ताट झाकलं. एकोणतीस वर्षं ही बाई माझ्या शेजारी झोपली आणि तिने माझ्याबद्दलचा सगळा तिरस्कार त्या एका ताटाखाली मावेल एवढा लहान करून ठेवला होता.  

मंगळवारी सकाळी सुयशच्या गाडीतून आम्टला गेलो. रस्त्याकडेच्या खांबांवर निवडणुकीचे फलक होते, एकेक चेहरा भरवशाचा. सुयशने कोट घातला होता, मला म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त बोला. तुम्ही बोललात की माणूस ऐकतोच." परवाना ठरवणारी फ्राऊ हेबर्ले पन्नाशीची, बारीक कापलेल्या केसांची बाई, टेबलावर फायलींचा एक गठ्ठा आणि एक झाड, दोन्ही नीट छाटलेली. तिने माझी फाइल उघडली, सातव्या कलमावर पेन्सिल ठेवली आणि आपल्या इकडच्या श्वाबिश बोलीच्या वळणाच्या जर्मनमधे म्हणाली, "आल्झो, हेर हिवराळे, घाबरू नका. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, त्यातून राजकीय. आमच्याकडचीसुद्धा इतकी जुनी नोंद पुसली जाते. तुम्ही लिहिलं नसतं तर मी विचारलंही नसतं. पण लिहिलंय, म्हणजे मला ते बंद करायला हवं. निकालपत्र आणलंत?"

"निकालपत्र नाही," मी म्हणालो, आणि माझी जीभ, माझी सत्तावीस गावांचं पाणी प्यायलेली जीभ, आपली आपण निघाली. मी सांगितलं की औरंगाबादच्या कोर्टाच्या दप्तरखान्याला वाळवी लागली. साधी वाळवी नव्हे. तिकडची वाळवी आधी फिर्यादी खाते, मग साक्षी, आणि निकालपत्रावर लाखेची मोहर असते ती तिला फार गोड लागते. एका न्यायाधीशाची तर खुर्ची निकाल वाचता वाचता खाली बसली. सुयश कौतुकाने हसला. फ्राऊ हेबर्ले हसली नाही. ती लिहीत होती. पेन्सिलने, स्वच्छ अक्षरात, माझ्या फाइलीत. तिने ओळ संपवली आणि वर बघितलं. "वाळवी कोणत्या साली?" आयुष्यात मला दाद देणारे भेटले, डुलक्या घेणारे भेटले, खोटं आहे हे ओळखून हसणारेही भेटले. लिहून घेणारं कोणी भेटलं नव्हतं. ती पेन्सिल हवेत धरून थांबली होती, तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, थट्टा नव्हती, काहीच नव्हतं; आणि त्या काहीच नसण्यासमोर माझी वाळवी उताणी पडून मेली. मला त्या बाईची किळस आली. इतकं सरळ माणसाने असू नये.

"ते खोडा," मी म्हणालो.

"वाळवी?"

"सगळं. सातवं कलमसुद्धा. मला शिक्षा झालेली नाही. मी तुरुंगात कधीच नव्हतो."

खोलीत काही बदललं नाही. सुयश माझ्या उजव्या हाताला होता, मी तिकडे मान वळवली नाही. "मामा," तो मराठीत हळू म्हणाला, "असं करू नका. परवान्यासाठी असं बोलू नका. नाही मिळाला तर नाही मिळाला." म्हणजे अजूनही त्याला वाटत होतं की मी आत्ता खोटं बोलतोय. गाळ्यावर पाणी सोडायला तो तयार होता, माझ्या जेलवर नाही.

"नाही गेलो हो मी," मी म्हणालो. "ऐकता का?"

त्याने कोटाचं बटण सोडलं. मग म्हणाला, "माझ्या मुलीचं नाव क्रांती तुम्ही ठेवलंत." त्यात राग नव्हता, नुसती आठवण द्यावी तसं म्हणाला.

फ्राऊ हेबर्लेला मराठी कळत नव्हती, पण ती आमचं होईपर्यंत थांबली. मग तिने पहिल्यांदा पेन्सिल खाली ठेवली. "हे जरा अवघड आहे," ती म्हणाली. "शिक्षा झाली असती तर मला चाललं असतं. अर्जात खोटं लिहिणं, हे मात्र थेट विश्वासार्हतेत बसतं. वीस वर्षांत माझ्यासमोर शिक्षा लपवणारे पुष्कळ आले. न झालेली शिक्षा लिहिणारा पहिलाच. का?" मी म्हणालो, अर्ज याने भरला, मी न वाचता सही केली. "ते सगळेच करतात. याला कोणी सांगितलं?" मी सांगितलं होतं. "का?" तिने एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "लिहून द्या. काय घडलं आणि तुम्ही तसं का सांगत होतात. तारखांसकट. मग मी ठरवीन."

मी लिहायला लागलो. जर्मन माझं कारखान्यातलं, त्यात दागिने घालता येत नाहीत; साचा तडकला, साचा बदलला, असलं. मोर्चात दोघं होतो. मी चष्म्याच्या दुकानात गेलो. पद्माकर साळवे यांना पकडलं, तीन महिन्यांची शिक्षा झाली. तीन महिने त्यांचे आहेत, मी माझे म्हणून सांगितले. मग लिहिलं, मी पकडला जाणं टाळलं, कारण त्या वेळी मी पासपोर्टसाठी अर्ज केला होता आणि पोलिसांचा दाखला आवश्यक होता. तिने ते उलटं वाचलं, टेबलापलीकडून, आणि म्हणाली, "अर्जाचा महिना आणि साल." मी लिहायला गेलो. डिसेंबर एकोणऐंशीचा मोर्चा. जर्मनीतल्या नोकरीची ती जाहिरात मला सासऱ्याने दाखवली होती, पेपरातून कापून, पाकिटात घालून. सासऱ्याने. म्हणजे लग्न झालं होतं. लग्न ऐंशीच्या मे महिन्यात. पद्माकर लंगडत पंगतीत वाढत होता. पासपोर्ट त्याच्यानंतरचा. त्या डिसेंबरात मला पासपोर्ट हा शब्द कोणी उच्चारून दाखवला नव्हता. चष्म्याच्या दुकानात शिरताना माझ्यापुढे जर्मनी नव्हती, दाखला नव्हता, भविष्य म्हणतात तसलं काही नव्हतं. मी पेन कागदावरून उचललं. तीस वर्षं स्वतःला सांगितलेली ती एक गोष्ट, एकही श्रोता नसताना रचलेली, तीही माझीच कारागिरी निघाली, आणि ती ओळखायला या झाड छाटणाऱ्या बाईला महिना विचारावा लागला. मी ती ओळ खोडली. तिच्याखाली लिहिलं, मी घाबरलो होतो. सही केली.

तिने वाचलं. "घाबरणं हा गुन्हा नाही," ती म्हणाली, एखाद्या नियमातलं वाक्य सांगावं तशी. "हे मला पुरे आहे. फक्त याला दुजोरा कोण देईल? हे हेर साळवे?"

"ते वारले," सुयश म्हणाला. त्याने इतक्या आदराने सांगितलं, जर्मनमधे, एकेक शब्द जपून, की ऐकताना माझी मान खाली गेली, हॉलमधे जाते तशी. "लाठीमारात. त्याच लढ्यात." बाकी सगळं ऐकूनही त्याने हे एक उरवलं होतं. बुडत्या घरातून माणूस एक फोटो बाहेर काढतो, तसं.

"मला वाईट वाटतं," फ्राऊ हेबर्ले म्हणाली आणि पेन्सिल उचलली. "मग प्रश्न मिटला. मृत माणसाकडे मी काही मागू शकत नाही. तुमचं निवेदन फाइलीला लावते, महिनाअखेर परवाना मिळेल." ती माझ्या कागदाच्या समासात लिहायला लागली. 'मृत' या अर्थाचा त्यांचा शब्द लांब आहे. ती त्याच्या दुसऱ्या अक्षरावर होती. मला काही करायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं, आणि बसून काही न बोलणं मला आयुष्यात एकदा उत्तम जमलेलं होतं.

"जिवंत आहेत," मी म्हणालो.

पेन्सिल थांबली. सुयशची खुर्ची कुरकुरली. तो माझ्याकडे बघत होता का, मला माहीत नाही. मी झाडाकडे बघत होतो.

"जिवंत असतील," ती म्हणाली, "तर मला त्यांच्याकडून लेखी हवं. दोन ओळी पुरतील, की त्या प्रकरणात तुम्ही नव्हता, त्यांच्या माहितीत तुमच्या नावावर काही नाही. तोवर अर्ज थांबेल. महिनाअखेर होणार नाही." तिने अर्धवट शब्द रबराने पुसला, समासावर फुंकर मारली. "देतील ते?"

ज्याचा कागद तीन कचेऱ्यांनी उलटा पाठवला त्याच्याकडे मी दाखला मागायचा, की मी कोरा आहे. असली गोष्ट मला रचून सुचली नसती. "माहीत नाही," मी म्हणालो.

"गेनाऊ, तेच तर. विचारून बघा. पत्ता सांगा."

मी सांगितला. घर नंबर, गल्ली, टाउन हॉलच्या मागची वस्ती, औरंगाबाद, पिनकोड. तिला एकेक अक्षर सोडवून सांगावं लागलं, आणि ती दोन बोटांनी टाइप करत होती. तीस वर्षांत या पत्त्यावर मी एक पोस्टकार्ड टाकलेलं नव्हतं आणि तो मला पाठ होता. सुयश उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. कोट त्याला पाठीवर जरा मोठा होत होता.

"व्यवसाय?"

"सायकल दुरुस्ती."

"आणि तुम्ही त्यांना किती वर्षं ओळखता?" तिने पडद्याकडे बघत विचारलं. मी पुन्हा झाडाकडे बघितलं. तिने पुन्हा विचारलं नाही. वाट बघत राहिली.

"सांगा ना मामा," सुयश खिडकीकडे तोंड करून मराठीत म्हणाला. "ओळखता का तुम्ही त्यांना?"

"पहिलीपासून," मी म्हणालो.

फ्राऊ हेबर्लेने माझ्याकडे बघितलं. मी ते जर्मनमधे सांगितलं. तिने साल विचारलं, मी चोपन्न म्हणालो, आणि तिने ते टाइप केलं.